रेडिओ भात : तंजावरचे शेतकरी आणि तिरुचिरापल्लीचे नभोवाणी केंद्र

एखाद्या नभोवाणी केंद्राला ‘स्थानिक’ म्हणावयाचे ते कशावरून, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. ज्या गावात केंद्राची इमारत आणि मनोरा उभा आहे त्या गावाचे ते केंद्र, असे उत्तर कोणीही देईल. परंतु ध्वनिलहरींना वेस नसते. मध्यम लहरींवरचा कार्यक्रम एका जिल्ह्यात बोलला जातो आणि चार जिल्ह्यांत ऐकला जातो. उलट, मनोऱ्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसालाही आपल्याशी कोणी बोलत आहे असे वर्षानुवर्षे वाटू नये, असे घडू शकते. तेव्हा स्थानिकपणाची कसोटी अंतराची नसून दुसरीच असली पाहिजे. ती समजून घेण्यासाठी तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्याचे उदाहरण फार उपयोगी आहे. तेथील शेतकऱ्यांनी भाताच्या एका वाणाला चक्क रेडिओचे नाव दिले, आणि ते केंद्र तर तंजावरात नव्हतेच. ते होते शेजारच्या तिरुचिरापल्लीला, म्हणजे जुन्या मराठी लेखनातील त्रिचनापल्लीला.

मराठी वाचकाला तंजावरचे नाव परके नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तेथे स्थापिलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले. सरफोजीराजांनी जोपासलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही तेथे आहेत. परंतु तंजावरचे खरे वैभव राजवाड्यात नसून भाताच्या खाचरांत आहे. कावेरी आणि तिच्या असंख्य फाट्यांनी घडविलेला हा त्रिभुज प्रदेश दक्षिणेचे कोठार म्हणून ओळखला जातो. चोल राजा करिकालाच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या कल्लणै बंधाऱ्यापासून पाणी फुटते आणि कालव्याकालव्यांनी थेट समुद्रापर्यंत पसरते. जुना तंजावर जिल्हा नागपट्टिनम व वेदारण्यमच्या किनाऱ्यापर्यंत होता. १९९१ नंतर त्याचे क्रमाक्रमाने विभाजन होऊन नागपट्टिनम, तिरुवारूर आणि मयिलाडुतुरै हे जिल्हे वेगळे झाले.

या प्रदेशाचे एक स्वतःचे घड्याळ आहे. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाल्यापासून त्याचे दरवाजे १२ जूनला उघडावयाचे आणि २८ जानेवारीला बंद करावयाचे, असा प्रघात पडला. जूनमध्ये पाणी आले की कुरुवै हे हळवे भात लावावयाचे. ते काढून झाले की त्याच खाचरात ताळडीचे दुसरे पीक घ्यावयाचे. जेथे दोन पिके साधत नाहीत तेथे सांबा हे गरवे भात एकदाच लावावयाचे. मेट्टूरला सोडलेले पाणी कल्लणैपर्यंत येण्यास साधारण तीन-चार दिवस लागतात, आणि कालव्याच्या टोकाच्या गावांना त्याहूनही अधिक. म्हणजे ‘पाणी सुटले’ ही एकच बातमी कालव्याच्या मुखाशी एक अर्थ घेऊन येते आणि शेपटाशी दुसरा. रोपे केव्हा टाकावीत, नांगर केव्हा धरावा, मजूर केव्हा बोलवावेत हे सारे त्या अर्थावर ठरते. अशा प्रदेशात उपयोगी बोलावयाचे तर बोलणाऱ्याने आधी हे घड्याळ शिकले पाहिजे.

तिरुचिरापल्लीचे केंद्र १६ मे १९३९ रोजी सुरू झाले. भारत स्वतंत्र झाला तेव्हा देशाच्या वाट्याला आलेली केंद्रे अवघी सहा होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. या पंक्तीत इतर पाच शहरे एक तर मोठ्या राजधान्या होत्या किंवा प्रांताच्या राजधान्या. तिरुचिरापल्ली एकटेच कावेरीकाठचे, शेतीच्या मुलखाला लागून असलेले शहर होते. तमिळ भाषेने रेडिओला ‘वानोली’ हा शब्द दिला. वान म्हणजे आकाश आणि ओलि म्हणजे ध्वनी. आकाशातून येणारा हा ध्वनी पंचायतीच्या रेडिओवरून चावडीत, देवळापुढच्या मोकळ्या जागेत ऐकला जाऊ लागला. संगीताचे कार्यक्रम त्यात प्रमुख असणे कावेरीकाठी स्वाभाविकच होते. ग्रामीण श्रोत्यांसाठी बोलण्याचे कार्यक्रमही होते. तथापि, ऐकणे आणि ऐकून काही करणे यांत जे अंतर असते ते केवळ कार्यक्रम वाढवून ओलांडले जात नाही.

हे अंतर मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न मराठी मुलखात झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांची होती. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे असे वीस कार्यक्रम मराठीतून प्रक्षेपित झाले. गावातील काही मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, लगेच त्यावर चर्चा करावयाची, शंका केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या आणि जमेल ते कृतीत आणावयाचे, असा क्रम होता. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा जो अहवाल लिहिला तो युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. जेथे श्रोतृमंडळे होती तेथे लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, ती गावे आणि जेथे रेडिओच नव्हता ती गावे यांत मात्र फारसा फरक आढळला नाही. यंत्र ज्ञान देत नाही, यंत्राभोवती जमलेली आणि एकमेकांशी बोलणारी माणसे ते मिळवितात, असा या निष्कर्षाचा सरळ अर्थ होय. १९५९ पासून ही योजना इतर राज्यांतही नेण्यात आली.

तंजावरचा प्रसंग याच्या पुढचा आहे. १९६० च्या सुमारास अन्नधान्याच्या टंचाईने देश चिंतेत होता. त्या वेळी फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने सघन कृषी जिल्हा कार्यक्रम आखण्यात आला. त्यासाठी आरंभी निवडलेल्या सात जिल्ह्यांत लुधियाना, पश्चिम गोदावरी, रायपूर यांच्या जोडीला तंजावर होते. निश्चित पाणी, सुपीक जमीन आणि कसलेले शेतकरी जेथे आहेत तेथेच बी, खत, कर्ज आणि सल्ला एकत्र द्यावा, असे या कार्यक्रमाचे सूत्र होते. कुंभकोणमजवळच्या आडुतुरै येथील भात संशोधन केंद्र १९२२ पासून काम करीत होते. जपानी आणि भारतीय जातींच्या संकरातून तेथे एक हळवे वाण तयार झाले. आडुतुरैच्या नावावरून त्याला एडीटी २७ असा क्रमांक मिळाला. सुमारे साडेतीन महिन्यांत तयार होणारे आणि खताला चांगला प्रतिसाद देणारे हे वाण कुरुवैच्या हंगामात बसत असे, आणि ते वेळेवर निघाले तर मागून ताळडी घेता येत असे.

परंतु नवे बियाणे ही केवळ एक वस्तू नसते. ती एक नवी दिनचर्या असते. जुन्या वाणाला चालणारी ढिलाई नव्याला चालत नाही. रोप ठराविक दिवसांचे होताच उपटले पाहिजे, लावणी जवळजवळ केली पाहिजे, खताचे हप्ते ठराविक वेळी दिले पाहिजेत, किडीवर लक्ष ठेवले पाहिजे. शिवाय कुरुवैची कापणी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते, म्हणून मळणी आणि वाळवण यांची घाईही आलीच. एवढे सारे बारकावे हजारो गावांत एकाच आठवड्यात पोहोचविणे कोणत्याही कृषिविस्तार अधिकाऱ्याच्या पायांना शक्य नव्हते. छापील पत्रक वाचणारे थोडे, आणि पत्रक छापून येईपर्यंत लावणीची वेळ टळून जाणार.

येथे तिरुचिरापल्ली केंद्र उपयोगी पडले. १९६६ मध्ये आकाशवाणीने निवडक केंद्रांवर शेती व गृह कार्यक्रमांसाठी खास विभाग उघडले. कार्यक्रमांची आखणी दिल्लीच्या सोयीने न करता त्या त्या प्रदेशातील पिकांच्या वेळापत्रकाने करावी, हा त्यामागचा विचार होता. तिरुचिरापल्लीहून एडीटी २७ विषयी क्रमाने सांगितले जाऊ लागले. हे क्रमाने सांगणे हेच त्यातील मर्म होते. सामान्य भाषणात वक्ता विषयाचा आरंभ करतो आणि अर्ध्या तासात शेवट करतो. या कार्यक्रमांत विषय पिकाबरोबर वाढत होता. रोपवाटिकेच्या दिवसांत रोपांविषयी, लावणीच्या दिवसांत लावणीविषयी, लोंब्या भरताना किडीविषयी. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर ताडून पाहता येत असे. व्याख्यान आणि बातमी यांतील भेद अशा वेळी पुसला जातो. योग्य दिवशी सांगितलेला सल्ला हीच त्या दिवसाची बातमी असते.

या वाणाची लागवड तंजावरात वेगाने पसरली, आणि शेतकरी त्याला ‘रेडिओ भात’ म्हणू लागले. संशोधकाचे, संस्थेचे किंवा मंत्र्याचे नाव त्याला मिळाले नाही. ज्याच्या तोंडून ते प्रथम कळले त्याचे नाव मिळाले. ग्रामीण भाषेत वस्तूला असे नाव मिळणे ही विश्वासाची पावती असते. पण हा विश्वास एकट्या रेडिओने मिळविला, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या दिवशी बियाण्याविषयी ऐकावे त्या दिवशी ते सहकारी संस्थेत मिळत होते, कर्जाची सोय होती, शंका विचारण्यास ग्रामसेवक होता आणि पाणी कालव्यात होते. यांपैकी एकही दुवा निखळला असता तर तोच आवाज पोकळ ठरला असता. शब्दामागे वस्तू होती, म्हणून शब्दाला किंमत आली.

एका माणसाने बोलावे आणि शेकडोंनी ऐकावे ही रीत तंजावरला नवी नव्हती. मराठी राज्याबरोबर तेथे कीर्तन गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावचे रामचंद्रबुवा तंजावरास आले आणि त्यांच्या निरूपणाचा तेथील कलावंतांवर मोठा प्रभाव पडला. तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या वळणावर तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. परंतु कीर्तनकाराला एक सोय असते, ती नभोवाणीवरच्या वक्त्याला नसते. बुवा श्रोत्यांचे चेहरे पाहतात. पेंग येऊ लागली की आख्यान आवरतात, माना डोलू लागल्या की पद लांबवितात. ध्वनिमुद्रण कक्षाच्या जाड भिंतीआड बसलेल्या वक्त्यापुढे चेहरा नसतोच. त्याला तो पत्रांतून, गावभेटींतून, श्रोतृमंडळांच्या प्रश्नांतून मिळवावा लागतो. जे केंद्र ही खटपट करीत नाही ते बोलत राहते, पण कोणाशी बोलत आहे हे त्याला कळत नाही.

आणि येथेच तंजावरच्या उदाहरणाची दुसरी बाजू पाहावी लागते. ‘रेडिओ भात’ हे नाव कोणी दिले? कोणते बियाणे पेरावयाचे हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांनी. तंजावरात मात्र शेतावर राबणाऱ्यांपैकी फार मोठ्या वर्गाला तो अधिकार नव्हता. ते भूमिहीन मजूर होते, बहुतांशी दलित होते. लावणीचे काम तर मुख्यतः स्त्रियांचे. रोपांमधील अंतर किती ठेवावे हे रेडिओवर सांगितले जाई ते मालकाला. ते अंतर प्रत्यक्षात राखीत त्या चिखलात वाकलेल्या बाया. फ्रान्सिन फ्रँकेल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हरितक्रांतीच्या अभ्यासात तंजावरचा समावेश होता. नव्या तंत्राचा लाभ प्रामुख्याने ज्यांच्याजवळ आधीच जमीन आणि भांडवल होते त्यांना झाला, आणि तुटीचे अंतर वाढले, असे त्यांनी दाखविले.

हे अंतर केवळ आकड्यांत राहिले नाही. मजुरीवाढीसाठी संघटित झालेल्या मजुरांचा आणि जमीनमालकांचा संघर्ष पूर्व तंजावरात तीव्र होत गेला. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी या गावात एका झोपडीत आश्रय घेतलेल्या ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. पुढे १९६९ मध्ये या भागासाठी शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा करण्यात आला. भाताच्या विपुलतेचे आणि या भीषण घटनेचे वर्ष जवळजवळ एकच असावे, ही गोष्ट विसरून तंजावरच्या नभोवाणीचे गुणगान करणे योग्य होणार नाही. अर्थात या घटनेचा दोष कोणत्याही कार्यक्रमाकडे जात नाही. परंतु त्यातून एक प्रश्न मात्र उरतो. खताचा हप्ता किती हा जसा उपयोगी आकडा आहे, तसाच कायद्याने ठरविलेली मजुरी किती हाही उपयोगी आकडा आहे. पहिला मालकासाठी, दुसरा मजुरासाठी. प्रदेशाचे खरे केंद्र त्यालाच म्हणावे, जे दोन्ही आकडे सारख्याच ठणठणीत आवाजात सांगते.

पुढील काळात नभोवाणीचे स्थानिकीकरण धोरण म्हणून स्वीकारले गेले. १९८४ मध्ये तमिळनाडूच्याच दक्षिण टोकाला नागरकोविल येथे आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. केंद्रांची संख्या वाढली, पण एक मर्यादा कायम राहिली. २००६ च्या धोरणाने सामुदायिक केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम वर्ज्य केले. खाजगी एफएम केंद्रांना २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्याची परवानगी दिली. स्वतःची बातमी देण्याची नाही. हवामान, वाहतूक, वीज व पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती यांविषयीच्या सूचना मात्र बातमीत मोडत नाहीत, असेही त्यात स्पष्ट केले गेले.

या सवलतीचे मोल कमी नाही. पण तिच्यातील उणीव तंजावरच्या शेतात उभे राहिले की लगेच दिसते. पाणी केव्हा सुटणार हे सांगणे ही सूचना झाली. ते कालव्याच्या टोकाच्या गावापर्यंत का पोहोचले नाही, हे विचारले की तीच गोष्ट चालू घडामोड होऊ शकते. शेतकऱ्याला मात्र हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. किंबहुना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही तोवर पहिल्या उत्तरावर त्याचा विश्वास बसत नाही.

कावेरीचे घड्याळही आता पूर्वीसारखे चालत नाही. पाणीवाटपाचा तंटा १९९० मध्ये लवादाकडे गेला, २००७ मध्ये लवादाचा अंतिम निवाडा झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरबदल केले. या काळात मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडणे ही गृहीत धरण्याची गोष्ट राहिली नाही. २०२० मध्ये ते त्या तारखेच्या आत किंवा त्या तारखेला उघडले गेले ते आठ वर्षांच्या खंडानंतर. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी वेदारण्यमजवळ धडकलेल्या गाजा चक्रीवादळाने पट्टुकोट्टै व पेरावूरणी भागातील नारळाच्या बागा आडव्या केल्या, आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. तारीख निश्चित असते तेव्हा पंचांग पुरते. तारीख अनिश्चित झाली की रोज विश्वासाने सांगणारा आवाज लागतो. तो मोठ्या शहरातून आला तर ‘डेल्टात मुसळधार पाऊस’ एवढेच सांगतो. कोणत्या फाट्याचा बांध फुटला, कोणता रस्ता चालू आहे, हे सांगण्यास तेथलाच माणूस हवा.

असा आवाज कोणाचा असू शकतो, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. तेलंगणातील पस्तापूर परिसरात १५ ऑक्टोबर २००८ पासून संघम रेडिओ चालतो. तो चालविणाऱ्या स्त्रिया दलित शेतकरी कुटुंबांतील आहेत, आणि बियाणी, भरडधान्ये, सणवार यांविषयी त्या आपल्याच बोलीत बोलतात. साताऱ्यातील म्हसवड येथे त्याच वर्षी माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. दुष्काळी माणदेशाचे प्रश्न तिथल्या बोलीत मांडणे हे तिचे काम. एकेकाळी ज्यांना उद्देशून कोणी बोलत नव्हते, त्यांनीच ध्वनिक्षेपक हाती घेतला, हे या दोन्ही केंद्रांचे वैशिष्ट्य होय.

तंजावरच्या रेडिओ भाताने एक गोष्ट सिद्ध केली. प्रदेशाचे घड्याळ ओळखून, त्याच्याच भाषेत, योग्य दिवशी बोलले तर सरकारी केंद्राचा आवाजही घरच्या माणसासारखा मानला जातो. जी गोष्ट त्याने सिद्ध केली नाही तीही तितकीच महत्त्वाची आहे. खाचराच्या बांधावर उभा असलेला ऐकतो आहे म्हणून खाचरात वाकलेलीही ऐकते आहे, असे धरून चालता येत नाही. पुण्याच्या प्रयोगाने सांगितले की ऐकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. तंजावरने सांगितले की बोलणाऱ्याने पिकाबरोबर चालले पाहिजे. पस्तापूर आणि म्हसवड सांगतात की ऐकणाऱ्यालाही बोलता आले पाहिजे. ही तिन्ही सूत्रे ज्या केंद्रात एकत्र येतील, आणि जेथे पाण्याची वेळ सांगण्याबरोबरच पाणी का आले नाही हे विचारण्याचीही मोकळीक असेल, त्याचा मनोरा कोठेही उभा असो, ते केंद्र स्थानिक होय.